आई-बाप दोघेही धडधाकट, मग मूल आजारी कसं?
वाचकांचे प्रश्न : आनुवंशिकता

या खेपेच्या टपालात धडगावपासून रावेरपर्यंतची पत्रं आहेत. कुणी सिकलसेलबद्दल विचारलंय, कुणी सरकीबद्दल, कुणी शेळ्यांबद्दल. पण बहुतेकांची अडचण एकच: जे आई-बापांत दिसलं नाही ते पुढच्या पिढीत कुठून आलं? म्हणून सगळी उत्तरं एकाच अंकात देत आहोत. सिकलसेलला जास्त जागा दिली आहे, कारण तिथे चुकीच्या समजुतीची किंमत लेकराला मोजावी लागते.

प्रश्न : आम्हा नवरा-बायकोला कधी काही त्रास नाही, दोघंही शेतात राबतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र सिकलसेल 'एसएस' निघाला. घरचे म्हणतात, हे सुनेच्या माहेरून आलं. आता पुन्हा दिवस गेले आहेत. चारांत एक मूल आजारी असतं म्हणतात, ते तर होऊन गेलं. मग पुढचं निर्धास्त ना? (एक वाचक, धडगाव)

आधी घरच्यांसाठी. 'एसएस' आजार एकट्या आईकडून येत नाही. त्यातला एक 'एस' आईचा आणि दुसरा वडिलांचा असतो. सुनेला बोल लावणं शास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे आणि माणुसकीच्याही.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी कशी बनवायची ही माहिती ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. त्याच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांना ॲलील म्हणतात. 'एस' रूपात साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. फरक इतकाच, पण त्यामुळे ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. तुमच्या दोघांत एक प्रत 'ए' (साधं रूप) आणि एक 'एस' आहे. पेशीत साधं हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असल्याने दोर वाढत नाहीत आणि तुम्हाला त्रास होत नाही. मुलाला दोन्हीकडून 'एस'च मिळाला.

आता 'चारांत एक'. हा हिशेब प्रत्येक गरोदरपणाला नव्याने सुरू होतो. आधीच्या मुलाला काय मिळालं याची नोंद शरीर ठेवत नाही. येणाऱ्या बाळाला आजार असण्याची शक्यता आजही २५ टक्के आहे, तुमच्यासारखं वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मोकळं असण्याची २५ टक्के. अशा जोडप्याची तीनही मुलं आजारातून सुटण्याची शक्यता ६४ पैकी २७, म्हणजे साधारण ४२ टक्के असते. उलट दोन मुलं झाली आणि दोघांनाही आजार झाला, असंही १६ पैकी एका जोडप्यात घडतं.

आता वेळ घालवू नका. दोघांचे एचपीएलसीचे (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचे) कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात जा आणि किती आठवडे झाले ते सांगा. गर्भाच्या वारेचा बारीक नमुना घेऊन करायची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते, गर्भजलाची १६व्या आठवड्यानंतर. या सोयी मोठ्या शहरात असतात, म्हणून चिठ्ठी आधीच मिळवावी लागते. ती वेळ टळली असेल किंवा तपासणी नको असेल, तर बाळाचं रक्त जन्मानंतर लगेच एचपीएलसीला पाठवा. पहिले पाच-सहा महिने बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यामुळे आजार दिसत नाही आणि घरचे निश्चिंत राहतात. निदान आधी झालं तर दोन महिन्यांपासून पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस वेळेवर सुरू होते. लहानग्यांचा जीव जातो तो बहुतेक जंतुसंसर्गाने, आणि तो टाळण्याचा हाच मार्ग आहे.

प्रश्न : लग्न ठरतंय. शिबिरात मुलाची सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, मुलीची निगेटिव्ह. मोडावं का? (नवापूर)

एवढ्या माहितीवर काहीच ठरवू नका. ही चाचणी फक्त चाळणी आहे. बोटाचं सुमारे २० मायक्रोलिटर रक्त २ मिलिलिटर द्रावणात टाकतात, पाच मिनिटं थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर पॉझिटिव्ह. रक्तात 'एस' आहे एवढंच तिला कळतं. तो एकेरी की दुहेरी हे ती सांगत नाही. ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये दिसतं: वाहकात 'एस' साधारण ३० ते ४० टक्के असतो आणि 'ए' त्याहून जास्त, तर आजार असलेल्यात 'ए' जवळपास नसतोच.

निगेटिव्हवरही डोळे झाकून विसंबू नये. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर द्रावण पुरेसं गढूळ होत नाही. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर चाचणी दात्याच्या पेशींचीही होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तिचा उपयोग नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला बीटा थॅलेसेमिया (बीटा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) दिसत नाही. मुलगी थॅलेसेमियाची वाहक निघाली (एचपीएलसीत हिमोग्लोबिनचा 'ए-टू' प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर), तर या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला सिकल-थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्केच आहे, आणि तोही सिकलसेलइतकाच त्रास देऊ शकतो. म्हणून दोघांचीही एचपीएलसी करा.

मुलगा वाहक आणि मुलगी खरोखर मोकळी असेल तर मोडण्याचं काही कारण नाही. मुलं निम्मी वाहक होतील, आजारी एकही नाही. दोघंही वाहक निघाले तर निर्णय त्या दोघांचा, पण तो माहिती असताना घेतलेला असावा. राष्ट्रीय सिकलसेल अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं, त्यात हा आजार असलेल्या आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरली आहे. लग्नाचं बोलणं निघण्याआधीच, शाळा-कॉलेजात असताना ती करून घेतली तर साखरपुड्याच्या आदल्या दिवशी रडारड होत नाही. आणि वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. 'सिकलसेल तपासणीचं कार्ड मिळालं म्हणजे पोरीत खोट आहे' असं म्हणणाऱ्याला घरातल्या मोठ्यांनीच गप्प करावं.

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय की प्रभावी जनुक अप्रभावी जनुकाला दाबतं. म्हणजे नेमकं काय करतं? मुलं विचारतात आणि मी अडते. (शिक्षिका, अमळनेर)

बहुतेक वेळा ते काहीही दाबत नाही. मेंडेलचाच वाटाणा घ्या. १८६६च्या निबंधात त्याने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीचे ७,३२४ दाणे मोजले: ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे साधारण ३:१. सुरकुती का पडते हे १९९०मध्ये रेणूंच्या पातळीवर कळलं. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक त्या रूपात मोडलेलं असतं. स्टार्च नीट बनत नाही, साखर साचते, साखरेमुळे कोवळ्या दाण्यात पाणी जास्त ओढलं जातं, आणि वाळताना ते निघून गेलं की साल सैल पडून आकसते. एक प्रत शाबूत असली तरी दाणा गोल राहण्याइतका विकर तिच्यातून मिळतो. मोडकी प्रत तिथेच असते, कुणी दाबलेली नसते. फक्त तिची उणीव भरून निघते. पुढच्या पिढीत ती जशीच्या तशी उतरते.

वर्गात याच्याही पुढे जाता येईल. अशा एकेरी गोल दाण्यातला स्टार्च सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याचे कण दोन्ही आई-बापांच्या मधल्या रूपाचे दिसतात. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं तर पूर्ण प्रभाव, भिंगाखाली अर्धवट. सिकलसेलचं तसंच. आजार पाहिला तर 'एस' अप्रभावी. रक्त तपासलं तर 'ए' आणि 'एस' दोन्ही हजर, कुणीच झाकलेलं नाही. आणि फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर आजारापासून संरक्षण मिळायला 'एस'ची एकच प्रत पुरते, म्हणजे तिथे तो प्रभावी. मलेरियाच्या पट्ट्यात हे ॲलील शतकानुशतकं का टिकलं त्याचं उत्तरही यातच आहे. प्रभावी की अप्रभावी हे ठरतं आपण काय मोजतो त्यावर.

३:१ दाखवायला प्रत्येक मुलाला दोन नाणी द्या. दोन्ही काटे पडले तरच 'अप्रभावी' धरा. एकाने २० वेळा उडवली तर पाच येतीलच असं नाही, दोन किंवा नऊही येतील, आणि मुलं म्हणतील नियम खोटा. ४० मुलांनी प्रत्येकी २५ वेळा उडवून बेरीज करा. हजारात २२० ते २८०च्या दरम्यान आकडा जवळजवळ नेहमी येतो. घरात दोन-तीन मुलं असताना 'चारांत एक' का जुळत नाही हेही मग सांगावं लागत नाही.

प्रश्न : बीजी-टू कपाशीची सरकी राखून पुढच्या साली लावली तर? आणि पाकिटाबरोबर वेगळं बिगर-बीटी पुडकं मिळालं तर ते लावण्यात काही अर्थ आहे का? (शेतकरी, चोपडा)

सरकी राखू नका. बीजी-टूच्या संकरित झाडात अळी मारणाऱ्या विषाची दोन्ही जनुकं (क्राय-वन-एसी आणि क्राय-टू-एबी) सहसा एकेका प्रतीतच असतात. हे झाड स्वतःच्या परागाने फळलं की सरकी फुटते: १६ पैकी ९ दाण्यांत दोन्ही जनुकं, ३ मध्ये फक्त एक, ३ मध्ये फक्त दुसरं, एकात काहीच नाही. शेतात झाडं उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा फुटणारी होतात, आणि संकराचा जोमही साधारण निम्म्यावर येतो.

पण फूट पुढच्या साली पडत नाही, याच साली, उभ्या बोंडात पडते. कापूस सरकीच्या सालीचा, म्हणजे आईच्या झाडाचा. म्हणून वेचणीला सगळा एकसारखा दिसतो. आतला गर मात्र पुढच्या पिढीचा. ३२ सरक्यांचं बोंड धरलं तर सरासरी १८ दाण्यांत दोन्ही विषं, १२ मध्ये एकेक आणि दोन अगदी कोरे. गुलाबी अळी खाते ती नेमकी हाच गर. एका बोंडात तिला कमी-जास्त विषाचं खाद्य मिळतं आणि अर्धवट सहनशील अळ्या तरतात. अळीतला प्रतिकार अप्रभावी असतो. दोन्ही प्रती प्रतिकारक असलेली अळी पूर्ण विषावर जगते, एकेरी मरते. पुडक्याचा डाव याच हिशेबावर होता: बिगर-बीटी ओळींतून साधे पतंग भरपूर निघावेत, प्रतिकारक पतंगाशी त्यांची जोडी जमावी आणि पिल्लं एकेरी होऊन बीटीवर मरावीत. बहुतेक ठिकाणी पुडकं बांधावर पडून राहिलं. गुजरातेत बीजी-वनवर (एकच विष असलेल्या आधीच्या बीटीवर) प्रतिकार २०१०मध्येच जाहीर झाला आणि पुढे बीजी-टूवरही अळी तगू लागली. आता दुहेरी प्रतिकारक अळ्याच जास्त असल्याने नुसत्या पुडक्याने गुलाबी अळी आटोक्यात येणार नाही. तरी मिळालं तर लावा. हिरवी बोंडअळी अजून बीटीवर मरते, तिच्यासाठी तो उपाय शाबूत आहे.

गुलाबी अळीचा खरा उपाय म्हणजे तिचं खाद्य तोडणं. आपल्याकडे ठिबकवर मे महिन्यात पूर्वहंगामी लागवड होते आणि जून-जुलैत निघणाऱ्या पतंगांना आयती फुलं मिळतात. त्यामुळे लागवड जूनमध्ये करा. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा २० हिरवी बोंडं फोडल्यावर दोनांत अळी दिसली, तर फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या (अळी लागल्याने नीट न उमललेली फुलं) तोडून नष्ट करा, नुसत्या खाली टाकू नका. आणि फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) घेऊ नका. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत मोकळं केलं नाही तर पुढच्या हंगामाची अळी आपणच पोसतो.

प्रश्न : घरचं भरताच्या हिरव्या वांग्याचं बी आहे. शेजाऱ्याने बांधाला जांभळी वांगी लावली. बिघडेल का? मागे पांढऱ्या मक्यात मात्र त्याच साली पिवळे दाणे आले होते. (यावल)

या साली तोडाल ती वांगी हिरवीच राहतील आणि भरीतही तसंच होईल, कारण फळाचा गर आणि साल आईच्या झाडाची असते. बिघाड बियात असतो. मधमाशीने जांभळ्याचा पराग आणला असेल तर त्या बियाचं झाड पुढच्या साली जांभळट फळं देईल, कारण जांभळा रंग हिरव्यावर प्रभावी आहे. ही तुमच्या फायद्याचीच गोष्ट: भेसळ लगेच दिसते, झाड उपटता येतं. मोह करून ते ठेवलं आणि त्याचं बी धरलं, तर पुढे चारांत एक झाड हिरवं निघेल, दिसायला घरच्यासारखं, पण आकार, बिया आणि चव भलतीच. शेजारी दुसरं हिरवं वाण असेल तर मात्र रंगावरून काहीच कळणार नाही.

बी धरायचं असेल तर चांगली दहा-बारा झाडं निवडा. उद्या उमलेल अशा कळीला आज संध्याकाळीच मलमलची पिशवी बांधा, दुसऱ्या दिवशी सकाळी फूल हलक्या हाताने हलवा, फळ धरलं की पिशवी सोडून दोरा बांधून ठेवा. फळ झाडावरच पूर्ण पिवळं होऊ द्या. पिशव्या नको असतील तर दुसरं वांगं २०० मीटरवर हवं.

मक्याचं वेगळं. तिथे आपण पाहतो ते बीच असतं. दाण्यातल्या पिठाळ भागात आईचे दोन हिस्से आणि परागाचा एक, त्यामुळे पिवळ्याचा पराग पडला की त्याच कणसात दाणा पिवळा दिसतो, पण एकच हिस्सा असल्याने फिकट. २०० मीटर अंतर किंवा पेरणीत तीन-चार आठवड्यांचा फरक ठेवा.

प्रश्न : केळीत असं फुटणं का होत नाही? (रावेर)

ग्रँड नैन या केळीच्या वाणाच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात. बी धरत नाही, म्हणून वाटणीच होत नाही. कंद असो की टिश्यू कल्चर, रोप आईची नक्कल असतं. क्वचित वेगळं झाड निघतं ते नव्या बदलामुळे.

प्रश्न : मी एबी, बायको ओ, मुलाचा रिपोर्ट ओ आला. घरात नको ते बोललं जातंय. (भुसावळ)

बोलणं थांबवा आणि तिघांचीही तपासणी रक्तपेढीत पुन्हा करा. एबीकडून मुलाला 'ए' किंवा 'बी' यातलं एक मिळतंच, म्हणून ओ सहसा येत नाही. पण शिबिरातल्या स्लाइडवरच्या चाचणीत चूक होते, आणि दुसरंही एक कारण असू शकतं. 'ए' आणि 'बी' ज्या पायावर उभे राहतात तो 'एच' पदार्थ बनवणारं जनुक वेगळं असतं. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर आत 'ए' असो की 'बी', रक्त ओसारखंच दिसतं. हा बॉम्बे रक्तगट, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२मध्ये मुंबईत नोंदवलेला. आई-बाप दोघांकडे एकेक निकामी प्रत असेल तर तुमच्यासारख्या घरात असं मूल होऊ शकतं. रक्तपेढीला 'अँटी-एच लावून पाहा, सीरमची ओ पेशींशीही चाचणी करा' असं स्पष्ट सांगा. बॉम्बे गट निघाला तर ते कागदावर ठळक लिहून ठेवा: अशा माणसाला साधं ओ रक्त चढवणं जिवावर बेततं, बॉम्बेचंच लागतं.

प्रश्न : मामाच्या मुलीशी लग्न केलं तर मुलं अपंग होतात का? (पारोळा)

बहुतेक होत नाहीत. पण धोका वाढतो. कोणत्याही जोडप्यात जन्मजात दोषाची शक्यता दोन-तीन टक्के असते, सख्ख्या मामे-आतेभावंडांत त्यात आणखी साधारण दोन-तीन टक्क्यांची भर पडते. कारण सरळ आहे: आजोबांकडे झाकलेलं एखादं दोषी ॲलील असेल तर ते नातवापर्यंत पोहोचण्याची शक्यता चारांत एक आणि नातीपर्यंतही तितकीच. दोघांच्या मुलात ते दुहेरी होण्याची ६४ पैकी एक. आणि अशी झाकलेली ॲलील प्रत्येकाकडे थोडी असतातच. घराण्यात बहिरेपण, थॅलेसेमिया किंवा लहानपणी दगावलेली मुलं असतील तर लग्नाआधी आनुवंशिक सल्ला घ्या.

प्रश्न : बिनशिंगी शेळ्या सांभाळायला सोप्या, म्हणून बोकडही बिनशिंगी ठेवला. आता काही पाटी (मादी पिल्लं) ना धड मादी ना धड नर अशा निघतात. (साक्री)

तुमचा बोकडच बदलायला हवा. शेळीत शिंग नसणं प्रभावी आहे, एक प्रत पुरते. पण तीच प्रत दुहेरी झाली की मादी पिल्लाची जननेंद्रियं नरासारखी वळतात. म्हणजे एकच ॲलील शिंगांपुरतं प्रभावी आणि या दोषापुरतं अप्रभावी. सानेनसारख्या दुभत्या जातींत हे नीट अभ्यासलं गेलं आहे, आणि सानेनचे संकर आपल्याकडेही आहेत. दोन्हीकडे एकेरी प्रत असेल तर चार माद्यांत एक अशी निघते. दुहेरी प्रतीचे काही नरही वांझ राहतात.

शिंगाळ्या बोकडाकडे ही प्रत नसतेच. तो लावला की पिल्लं निम्मी बिनशिंगी, निम्मी शिंगाळी, आणि या कारणाने बिघडलेली एकही नाही. जन्मल्याबरोबर ओळखायचं असेल तर डोक्यावर शिंगाच्या जागी बोट फिरवा: केसांचे दोन भोवरे असतील तर शिंगं येणार, सपाट असेल तर नाही. सपाट डोक्याच्या पाटीच्या योनीच्या खालच्या टोकाला मटराएवढा उंचवटा दिसला तर तिला पैदाशीसाठी ठेवू नका, खाटकाच्या वजनापर्यंत वाढवून विका. पुढच्या खेपेला बोकड घेताना शिंगं मुळापासून डागून काढलेली आहेत की जन्मतःच नाहीत, हे विकणाऱ्याला विचारा आणि हातानेही चाचपून पाहा. डागलेल्या जागी खरबरीत वण लागतो, आणि असा बोकड चालतो.